बयाना देण्याआधी

मी शाळेत उर्दूही शिकवतो आणि मराठीही. दोन्ही भाषांत असलेले पण अर्थ बदललेले शब्द मुलांना फार आवडतात. गेल्या वर्षी आठवीच्या वर्गात फळ्यावर ‘धोका’ लिहिलं आणि अर्थ विचारला. एक मुलगा म्हणाला, "सर, घाटात पाटीवर लिहिलेलं असतं ते, पुढे वळण आहे म्हणून." दुसरा म्हणाला, "नाही सर, धोका म्हणजे कोणी आपल्याला फसवणं." दोघांचंही बरोबर होतं. मराठीत धोका म्हणजे संकटाची शक्यता, उर्दूत धोका म्हणजे फसवणूक. मी दोन्ही अर्थ लिहून दिले आणि पुढच्या शब्दाकडे वळलो. महिनाभरात आमच्याच घरात या शब्दाचे दोन्ही अर्थ एकदम येऊन बसले.

माझ्या खालाचा धाकटा मुलगा आर्णीत रेडिमेड कपड्यांचं लहानसं दुकान चालवतो. खालाला डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा यवतमाळला न्यावं लागतं. जायचे चाळीसेक किलोमीटर, यायचे तेवढेच. दर खेपेला भाड्याची गाडी परवडत नाही आणि डायलिसिसनंतर एसटीत उभं राहणं तिला जमत नाही. म्हणून भाऊ जुनी गाडी शोधत होता. एका ॲपवर त्याला पाच वर्षं वापरलेली एक छोटी चारचाकी दिसली. किंमत एक लाख वीस हजार. तशीच गाडी आमच्याकडे साडेतीन लाखांच्या खाली मिळत नाही.

विकणारा म्हणाला, मी फौजी आहे, कामठीला होतो, आता लेहला बदली झाली, गाडी नेता येत नाही म्हणून स्वस्तात देतोय. त्याने वर्दीतला फोटो, ओळखपत्र, आधार, कँटीनचं कार्ड असं सगळं व्हॉट्सॲपवर पाठवलं. भावाने आपलं नाव सांगितलं तेव्हा पलीकडचा आवाज लगेच बदलला. "अस्सलामु अलैकुम भाईजान, हमारी यूनिट में भी अपने बहुत भाई हैं." भाऊ तिथेच विरघळला.

आधी बयाना म्हणून ५,१०० रुपये. मग फौजेच्या वाहनातून गाडी पाठवण्याचे ९,५००, ‘गाडी पोचली की परत मिळतील’ या बोलीवर. दुसऱ्या दिवशी ‘ड्रायव्हर’चा फोन आला की मी वर्ध्यापर्यंत आलोय, पण गेटपासला उशीर झाला, १४,९९९ भरा, तेही परत मिळतील. त्यानंतर विमा नावावर करायचे १८,५००. त्यानंतर फोन बंद. एकूण ४८,०९९ रुपये गेले. त्यातले वीस हजार बायकोच्या भिशीचे होते.

हे त्याने मला चार दिवसांनी सांगितलं. फजरच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर चपला घालता घालता. आणि शेवटी म्हणाला, "भाई, किसी को बोलना मत." आज हे लिहितोय ते त्याची परवानगी घेऊन. पण लिहावंसं वाटलं ते पैशांपेक्षा या एका वाक्यामुळे. त्याकडे शेवटी येतो.

आधी ही युक्ती चालते कशी ते समजून घेऊ. किंमत इतकी कमी ठेवायची की माणूस दुसऱ्या कुणाला विचारण्याआधीच घाई करेल. ओळख अशा खात्याची सांगायची की ज्यावर संशय घेणं आपल्याला पाप वाटतं. रक्कम एकदम मागायची नाही, तुकड्यातुकड्यांनी मागायची. पहिले पाच हजार गाडीसाठी जातात. त्यानंतरची प्रत्येक रक्कम आधीची बुडू नये म्हणून जाते. जुगारात हरणारा माणूस जसा ‘एवढा एक डाव’ म्हणतो, तसंच. माझा भाऊ अडाणी नाही, बारावी पास आहे, दुकानाचा जीएसटीचा हिशेब स्वतः ठेवतो. त्याला आकडे कळतात. त्या दोन दिवसांत तो आकडे बघत नव्हता, आईला गाडीत बसलेली बघत होता.

‘बदली झालेला फौजी’ हे सोंग देशभर वापरलं जातं. पोलिसांच्या तपासात हरियाणा, राजस्थान आणि उत्तर प्रदेश यांच्या सीमेवरच्या पट्ट्याचं नाव वारंवार येतं. एप्रिल २०२३ मध्ये हरियाणा पोलिसांनी एकट्या नूह जिल्ह्यातल्या चौदा गावांवर सुमारे पाच हजार पोलिसांसह एकाच वेळी छापे घातले होते. तो भाग मेवातचा, मोठ्या मुस्लिम वस्तीचा. ती बातमी वाचताना मला वाईट वाटलं होतं, हे लपवत नाही. ठगाला धर्म नसतो हे वाक्य आपण पटकन म्हणून मोकळे होतो. पण तो ठग सलाम करून आपला धर्म वापरतो, वर्दी घालून देशप्रेम वापरतो आणि समोरचा रामराम म्हणाला तर त्याच्याशी रामराम करतो. ज्याच्यावर आपला विश्वास, तेच त्याचं भांडवल.

गाडी विकणाऱ्यालाही हाच धोका आहे, फक्त उलट्या दिशेने. तुम्ही जाहिरात टाकता. पाच मिनिटांत फोन येतो, घासाघीस न करता किंमत मान्य होते आणि ‘बयाना पाठवतो’ म्हणून क्यूआर कोड येतो. तो स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील असं सांगतात. तुम्ही पिन टाकता आणि पैसे जातात. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या मुलीचे जुना सोफा विकताना याच पद्धतीने ३४ हजार रुपये गेले होते. तेव्हा शिकलेला आणि न शिकलेला हा भेद इथे चालत नाही. लक्षात ठेवायची गोष्ट एकच आहे: यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी असतो. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पैसे ‘मागण्याची’ यूपीआय विनंती १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली, ते चांगलं झालं. क्यूआर कोडची युक्ती मात्र तिथेच आहे. आणि अलीकडे ‘तुमच्या गाडीचं चालान थकलंय’ असा मेसेज व एपीके फाइल येते. ती उघडली की मोबाईलच दुसऱ्याच्या ताब्यात जातो. चालान बघायचं तर परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन बघा.

आता थोडं आपल्याबद्दल.

आपल्याकडे बरीच कुटुंबं व्याजाचं कर्ज घेत नाहीत. व्याज हराम आहे, ही श्रद्धा आहे आणि मी तिचा आदर करतो, स्वतःही शक्य तेवढं पाळतो. पण त्याचा एक परिणाम आपण बोलत नाही. कर्ज नको म्हणून नवी गाडी नको, मग जुनी, तीही रोखीने. बँक कर्ज देते तेव्हा ती निदान गाडीचे कागद तपासते, विमा बघते, आरसीवर बोजा चढवते. रोखीने घेणाऱ्याच्या मागे तपासणारं कोणी नसतं. त्याच्याकडे असतो तो ‘आपला माणूस’. कोणाचा तरी मेहुणा, कोणाचा तरी दोस्त, जमातमध्ये भेटलेला कोणीतरी. "अपना आदमी है, कागज़ का क्या, बाद में हो जाएगा." हे वाक्य मी आर्णीत, दिग्रसला, पुसदला, सगळीकडे ऐकलंय.

पण याच दीनमध्ये व्यवहाराबद्दल काय सांगितलंय? कुरआनातली सर्वांत मोठी आयत नमाजबद्दल नाही, रोज्याबद्दल नाही. ती सूरह बकराची २८२वी आयत आहे आणि ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. मुदत ठरवा, लिहिणाऱ्याने प्रामाणिकपणे लिहावं, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय आहे. हातोहात होणाऱ्या सौद्यात न लिहिण्याची सवलत आहे, पण खरेदी-विक्रीला साक्षीदार ठेवायला तिथेही सांगितलंय. याचा अर्थ मी एवढाच घेतो की कागद मागणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणं नाही. जो ‘आपला माणूस’ कागद मागितल्यावर रागावतो, त्याच्याशी सौदा न केलेला बरा.

आमच्या वडिलांच्या पिढीला हे न शिकवता कळत होतं. बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा, तिसऱ्याला कळू नये म्हणून. पण त्याआधी बैलाचे दात मोजले जायचे, त्याला चालवून, जुंपून बघायचे, खूर उचलून बघायचे. आणि सौदा झाला की बाजार समितीची पावती फाडल्याशिवाय दावं हातात घ्यायचे नाहीत. बैल घेताना आपण दात मोजत होतो. गाडी घेताना फोटो बघून बयाना देतोय.

मग गाडीचे दात कसे मोजायचे? मी जे शिकलो, त्यातलं थोडं सांगतो.

गाडी समोर उभी नसेल तर एक रुपयाही द्यायचा नाही. बयाना नाही, वाहतूक नाही, गेटपास नाही. फौज कोणाची खासगी गाडी घरपोच करत नाही. गाडी दिवसा बघायची, ओळखीचा मेकॅनिक सोबत घ्यायचा आणि आरसीवर लिहिलेला चेसिस नंबर व इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरशी एकेक अक्षर ताडून बघायचा. हे काम कंटाळवाणं आहे आणि तेच सर्वांत महत्त्वाचं आहे. २०२१ च्या सुरुवातीला नवी मुंबई पोलिसांनी पनवेल भागात शंभराहून जास्त गाड्या जप्त केल्या होत्या. पुरात खराब झाल्याने भंगारात काढलेल्या त्या बीएस-४ गाड्या चेसिस नंबर बदलून विकल्या जात होत्या. १ एप्रिल २०२० नंतर बीएस-४ गाडीची नवी नोंदणी होऊच शकत नाही. वरून रंग चकचकीत होता, कागदही होते. नंबर ताडून बघणाऱ्यालाच खोट दिसली असती.

आरसीवर बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा आहे का ते बघा. असेल तर नुसतं ‘कर्ज फिटलंय’ या शब्दावर जाऊ नका. बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ मागा. गाडी दुसऱ्या राज्यातली किंवा दुसऱ्या आरटीओची असेल तर तिथली एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आधी विचारा. गाडीचा नंबर एमपरिवहन ॲपवर टाकला की नोंदणीची तारीख, विमा, मालकाच्या नावाची अर्धी झाकलेली अक्षरं दिसतात. तेवढ्यावरूनही समोरचा माणूस खरा मालक आहे की नाही याचा अंदाज येतो. दोन्ही चाव्या घ्या आणि कुलूप बदलता आलं तर बदला. काही वर्षांपूर्वी नोएडात एकच गाडी डझनाहून जास्त वेळा विकणारा पकडला गेला होता. गाडी विकायची, जीपीएसने ती कुठे आहे ते बघायचं आणि डुप्लिकेट चावीने परत पळवायची. डीलरकडून घेत असाल तर त्याचं प्राधिकारपत्र बघायला मागा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरना नोंदणी प्राधिकाऱ्याकडून ते घ्यावं लागतं.

विकणाऱ्याला तर मी जास्त जोराने सांगेन, कारण तो पैसे मोजून झाले की सुटलो असं समजतो. आपल्याकडे एजंटला सही केलेले कोरे फॉर्म २९ आणि ३० देऊन लोक घरी जातात. कोणाच्या नावावर गाडी गेली, गेली की नाही, पुन्हा कोणी विचारत नाही. मोटार वाहन कायदा म्हणतो की राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं. ६ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हे अगदी स्पष्ट केलं. त्यातल्या माणसाने २००७ मध्ये गाडी विकली होती. पुढे ती आणखी काही हातांतून गेली आणि २००९ मध्ये तिच्याने जीवघेणा अपघात झाला. नोंदणीत नाव पहिल्याचंच होतं. न्यायालय म्हणालं, कागदावर जो मालक, नुकसानभरपाईची जबाबदारी त्याची. अपघातग्रस्ताने मालक शोधत एका दारातून दुसऱ्या दारात फिरायचं का?

अपघाताची तरी भरपाई पैशात होते. १० नोव्हेंबर २०२५ ला दिल्लीत लाल किल्ल्याजवळ ज्या गाडीत स्फोट झाला, ती अनेक हातांतून गेलेली होती, आणि पोलिस आधी पोचले ते कागदावर नाव असलेल्या जुन्या मालकाच्या दारात. त्याने गाडी केव्हाच विकली होती. ती बातमी आली त्या रात्री आमच्या स्टाफच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "माझी जुनी गाडी कोणाकडे आहे, मला माहीत नाही." त्याखाली बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही. आमच्या नावाच्या माणसाच्या दारात पोलिस आले तर पुढचं सगळं स्पष्ट व्हायला किती दिवस, किती वर्षं लागू शकतात, हे आम्ही एकमेकांना सांगायची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी आमच्यातले तिघे यवतमाळच्या आरटीओत गेले. भीतीने गेले, पण गेले ते बरं झालं.

आता माझी स्वतःची गोष्ट, कारण दुसऱ्यांचे ऐब सांगून आपला झाकणं बरोबर नाही.

तीन वर्षांपूर्वी मी माझी जुनी गाडी विकली. मेकॅनिक म्हणाला, "सर, मीटर एक लाख अठरा हजार दाखवतंय. बासष्टवर आणून देतो, तीस हजार जास्त येतील. सगळेच करतात." मीटर मागे घेऊ दिलं नाही, याचा मला अभिमान वाटत होता. पण चढावर इंजिन तापतं, हे मी घेणाऱ्याला सांगितलं नाही. त्याने विचारलं नाही, मी बोललो नाही. घेणारा जवळच्याच एका तांड्यावरचा बंजारा शेतकरी होता, कापूस विकून पैसे आणले होते. महिन्याभराने तो शाळेच्या फाटकावर आला. भांडला नाही. एवढंच म्हणाला, "गुरुजी, तुमी मास्तर हाव म्हणून मी दुसऱ्याले गाडी दाखवली नाई."

मी त्याला दुरुस्तीचे आठ हजार दिले. ते देऊन माझं काही फिटलं असं मला वाटत नाही. पैगंबर साहेबांची एक हदीस आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे: बाजारात धान्याच्या राशीत त्यांनी हात घातला, वरून कोरडं धान्य आणि आत ओलं. ओलं वर का ठेवलं नाहीस, असं त्यांनी विकणाऱ्याला विचारलं आणि फसवणारा आमच्यातला नाही, असं बजावलं. मीही कोरडंच वर ठेवलं होतं. मेवातच्या पोरांना शिव्या घालणं सोपं आहे. त्यांच्यात आणि माझ्यात फरक आहे, पण मला वाटत होता तेवढा तो मोठा नाही. ॲपवरची जाहिरात काय आणि मशिदीबाहेरचा सौदा काय, ‘घेणाऱ्याने विचारलं नाही’ ही सबब दोन्हीकडे सारखीच खोटी आहे.

आणि आता भावाचं ते वाक्य. "किसी को बोलना मत."

पैसे गेल्यावर पहिले काही तास सर्वांत मोलाचे असतात. १९३० या क्रमांकावर लगेच फोन केला, किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली, तर पैसे ज्या खात्यात गेले ते पुढे काढले जाण्याआधी गोठवता येतात आणि नंतर न्यायालयाच्या आदेशाने परत मिळू शकतात. चार दिवस उशीर म्हणजे पैसे चार खाती ओलांडून गेलेले. आम्ही तक्रार केली. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात पाठवलं गेलो, तेही झालं. शेवटी ३,२०० रुपये गोठवले गेल्याचं कळलं, बाकी निघून गेले होते. भाऊ पहिल्याच संध्याकाळी बोलला असता तर कदाचित चित्र वेगळं असतं.

तो का बोलला नाही? कारण त्याला आमचीच भीती होती. "एवढं कसं कळलं नाही तुला?" हे आम्ही म्हणालो असतो. मीही म्हणालो असतो. फसलेल्या माणसाला आपण मूर्ख म्हणतो आणि फसवणाऱ्याला ‘डोकेबाज’. ‘चारसौ बीस’ हा शब्दसुद्धा आपण कौतुकाने वापरतो. १ जुलै २०२४ पासून ते कलम बदलून भारतीय न्याय संहितेचं ३१८ झालं आहे. कलम बदललं, तसं आपलं बोलणंही बदललं तर बरं. ज्या घरात फसल्याचं सांगता येत नाही, त्या घरातला माणूस एकटाच दुसरा, तिसरा, चौथा हप्ता भरत राहतो.

बँका भाड्याची खाती उघडू देतात, एकेकाच्या नावावर ढीगभर सिमकार्डं निघतात, ॲपवाले जाहिरात टाकणाऱ्याची नीट ओळख पटवत नाहीत. यांना जाब विचारलाच पाहिजे. पण तोपर्यंत आपल्या हातातलं आपण करू. जुम्याच्या नमाजनंतर आपल्याकडे चंद्याची घोषणा होते, हरवलेल्या पाकिटाची होते. महिन्यातून एकदा १९३० ची का होऊ नये? शाळेच्या पालकसभेत मी ती करायला सुरुवात केली आहे. पहिल्या सभेत कोणी काही बोललं नाही. सभा संपल्यावर दोन आया आणि एक आजोबा थांबले. तिघांच्याही घरात काहीतरी घडलेलं होतं, तिघांनीही ते पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितलं.

खाला अजून भाड्याच्या गाडीने यवतमाळला जाते. भावाने पुन्हा पैसे जमवायला घेतले आहेत. मागच्या आठवड्यात त्याने एक गाडी दाखवायला मला फोन केला. मी विचारलं, "किंमत किती?" तो म्हणाला, "भाई, पहले चेसिस नंबर देख लेते, फिर किंमत बताता."